बॅक, रिस्टोर आणि माझा खोकला

एका कामाला एकच नाव असावं, एवढंच माझं म्हणणं होतं. ते अजूनही आहे. फक्त आता मी ते घरात मोठ्याने म्हणत नाही.

आधी माझी नोकरी सांगतो, कारण ती माझ्या बायकोलाही नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं की ती म्हणते, "ते कॉम्प्युटरचं काहीतरी लिहितात." कंपालातली आमची कंपनी छोटी. तिचं सॉफ्टवेअर म्हणजे एन्सुवा. एन्सुवा हे पाण्याच्या मडक्याचं नाव, पण आमच्या मडक्यात फायली साठवतात. चार जण मिळून एक फाईल लिहीत असले, की कुणी काय बदललं आणि बदलण्याआधी ते कसं होतं, हे सगळं एन्सुवा जपून ठेवतं. चुकलं तर एक शब्द टाईप करायचा, की मागचं जसंच्या तसं हजर. त्या शब्दाला म्हणतात कमांड. कुठली कमांड कशासाठी, हे सांगणारी जी पुस्तिका असते ती लिहितो मी. कंपनीचा लेखन विभाग म्हणजे मी एकटाच. (विभागाची बैठक भरवायची तर मला आरशासमोर बसावं लागेल.)

तर या पुस्तिकेत एक जुनं दुखणं होतं. मागचं परत आणायच्या कामाला एका पानावर नाव होतं 'बॅक', दुसऱ्या पानावर 'अनडू' आणि तिसऱ्यावर 'रिस्टोर'. एन्सुवाची नवी आवृत्ती काढणाऱ्या प्रत्येक माणसाने आपल्या आवडीने बारसं केलेलं. आता येणाऱ्या आवृत्तीत या तिन्ही नावांच्या जागी एकच नाव येणार होतं, रिस्टोर. आमच्या साहेबीण, मॅडम मुहिंदो, यांनी मला फोन केला.

"डुंबा, पुस्तिकेत आता एकच नाव दिसलं पाहिजे."

"सगळीकडे?"

"सगळीकडे म्हणजे सगळीकडे."

(हे वाक्य पुढे मी पुरावा म्हणून सादर केलं. उपयोग झाला नाही.)

मी बसलो आणि शोधून बदलायचं बटण दाबलं. बॅक गेलं, अनडू गेलं, जिकडे तिकडे रिस्टोर आलं. पुस्तिकेत जुन्या आवृत्तीची पानंही होती, ज्यांच्याकडे अजून जुनं एन्सुवा आहे अशा गिऱ्हाइकांसाठी. त्यांचंही झालं. काम इतक्या झटक्यात झालं की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं, आणि मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं की घरात कुणाचं तरी नुकसान होतं, हा प्रॉसीचा अनुभव आहे.

प्रॉसी म्हणजे माझी बायको, प्रॉस्कोविया. आम्ही राहतो नज्जेराला, कंपनीच्या सांगण्यावरून मी काम घरूनच करतो, आणि त्या दिवसांत माझ्या सासूबाई आमच्याकडे मुक्कामाला होत्या.

हे वाक्य मी जितक्या सहज लिहिलं तितकं ते सहज नाही. आमच्यात सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत. एका छपराखाली झोपत नाहीत, हातात हात देत नाहीत, रस्त्यात दिसले तर एकाने झाडामागे जायचं. धाकावर चाललेली गोष्ट नाही ही, मानाची आहे. ज्या बाईने आपली मुलगी दिली तिच्यासमोर उगाच मिरवायचं नाही, एवढा साधा अर्थ. माझ्या सासूबाई कालिसिझोच्या, जुन्या वळणाच्या, आणि या बाबतीत फार कडक. जिंजाला माझा साडू राहतो. त्याच्याकडे त्या एकदा गेल्या असताना तो नुसत्या बनियनवर दार उघडायला आला. सासूबाईंनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. आल्या त्याच टॅक्सीने परत गेल्या. साडू आजतागायत सर्वांना सांगतो की बनियन नवं होतं.

पण या खेपेला त्यांना येणं भाग होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन झालं, पट्टी बांधली, आणि डॉक्टरांनी बजावलं की पट्टी निघेपर्यंत गावी जायचं नाही. गावात चुलीचा धूर, रस्त्याची धूळ. जखमेत काही गेलं तर डोळा हातचा जाईल. दुसरा डोळाही आता कामाचा राहिला नाही, असं त्या सांगत. (त्या डाव्या डोळ्याने त्या अंगणाच्या पार टोकाची कोंबडी लंगडतेय हे ओळखत, पण तो विषय कुणी काढत नसे.) म्हणून आम्ही त्यांची सोय अंगणापलीकडच्या खोलीत केली. छप्पर वेगळं, दार वेगळं.

"मिरेम्बेचे बाबा," प्रॉसीने मला पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं, "तुमचं काय चुकायचं ते पट्टी निघाल्यावर चुका. आई एकदा उठून गेली ना, तर ती डोळ्यासाठीसुद्धा परत यायची नाही. मी ओळखते तिला."

मीही ओळखत होतो. कधी नीट पाहिलं नव्हतं, पण ओळखत होतो. आम्ही गावी गेलो की केळीच्या पानात बांधून शिजवलेली कोंबडी अंगणापलीकडून माझ्या नावाने येत असे, आणि तिच्यातला चांगला तुकडा नेहमी माझ्या वाटणीला असे. लग्नाच्या बोलणीच्या वेळी माझ्याकडे धड नोकरी नव्हती, तेव्हा प्रॉसीचे सगळे काका नाही म्हणत असताना आतल्या खोलीतून एकच आवाज आला होता, "मुलगा खोटं बोलत नाही, एवढं पुरे." तो आवाज त्यांचा होता. अशा बाईचा डोळा माझ्यामुळे जावा, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

अडचण अंगणाची होती. नळ अंगणात, संडास अंगणात, आणि घरातल्या नळाला पाणी चढत नसल्यामुळे आंघोळीचा पत्र्याचा आडोसाही अंगणातच. तेव्हा बाहेर पडण्याआधी वर्दी देणं आलं. मी घसा खाकरून खोकत असे. सासूबाई दोनदा टाळी वाजवत. आई बाहेर निघालीय हे मला कळावं म्हणून प्रॉसी पातेल्यावर झाकण आपटत असे. खोकला ऐकला की सासूबाई आत जात, टाळी किंवा झाकण ऐकलं की मी जागच्या जागी थांबत असे. हे सगळं उत्तम चाललं होतं.

तुम्ही म्हणाल, उत्तम चाललं होतं तर मग काय? तर त्या दिवशी मी पुस्तिकेचं काम संपवून चहा घेऊन दारात उभा राहिलो, आणि मला दिसलं की आपल्या घरात एका कामाला तीन नावं आहेत.

"प्रॉसी," मी म्हणालो, "हे बरोबर नाही."

"काय केलं मी?"

"तू नाही. पद्धत. खोकला, टाळी, झाकण. काम एक, नावं तीन. नवीन माणूस घरात आला तर त्याने काय समजायचं?"

"नवीन माणूस कोण येणार आहे?"

"समजा आला."

"समजा आला तर तो मला विचारेल. मी सांगेन."

(जगातल्या सर्व पुस्तिका बंद पडतील असं हे उत्तर आहे, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.) मी ठरवलं की यापुढे जो कुणी बाहेर पडेल त्याने एकच शब्द म्हणायचा: "येतंय!" बाई असो, पुरुष असो, शब्द तोच. खोकला, टाळी आणि झाकण आजपासून बंद.

"माझी आई काय कॉम्प्युटर आहे?" प्रॉसी म्हणाली.

पण आईने ऐकलं होतं. अंगणापलीकडून आवाज आला. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. त्या आमच्या मिरेम्बेशी बोलत. मिरेम्बे नुकती चालायला लागली होती आणि तिला अजून एक शब्दही बोलता येत नव्हता, त्यामुळे मध्यस्थ म्हणून ती अगदी निःपक्षपाती होती.

"मिरेम्बे, तुझ्या बाबांना सांग, त्यांच्या घरात त्यांचा नियम. आम्ही पाळू."

आणि त्यांनी पाळला. इतका पाळला की माझी पंचाईत झाली. पाण्याला निघाल्या, "येतंय!" कपडे वाळत घालायला निघाल्या, "येतंय!" कोंबड्यांना दाणे टाकायला निघाल्या तर आधी कोंबड्यांना, मग मला. दिवसभर येतंय, येतंय. मी लिहायला बसलो की दचकायचो.

त्याच दिवसांत मिरेम्बे बोलायला लागली. पोरीचा पहिला शब्द आई नाही, बाबा नाही, जज्जा म्हणजे आजी, तेही नाही. पहिला शब्द "येतंय." ती अंगणभर दुडुदुडु पळत तो ओरडू लागली. ती ओरडली की सासूबाई आत, मी आत, प्रॉसी एकटी अंगणात. एकदा तर मी संडासात आणि सासूबाई खोलीत, दोघेही बराच वेळ अडकून, आणि मधे मिरेम्बे कोंबडीला "येतंय, येतंय" शिकवतेय.

"आता मोकळं आहे हो!" प्रॉसी शेवटी ओरडली. "तुमच्या नियमाचं लग्न लावा कुणाशी तरी आणि घालवा त्याला घराबाहेर!"

मी म्हणालो की सुरुवातीला प्रत्येक नव्या पद्धतीला त्रास होतोच. हे वाक्य मी पुस्तिकेच्या प्रस्तावनेतही लिहिलं आहे.

आणि खोकल्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. खोकला रिकामा झाला. त्याला काही काम उरलं नाही. मग एके दिवशी अंगणातल्या धुळीने मला खरोखरचा ठसका लागला, आणि थोड्या वेळाने प्रॉसी एक कप घेऊन आली. आत काळं, वाफाळतं काहीतरी.

"आईने कडू पाल्याचा काढा पाठवलाय. म्हणाली, पूर्वी ते खोकायचे ते वर्दीसाठी. आता वर्दीला शब्द आहे, म्हणजे हा खोकला खराच असणार."

यात चूक कुठे काढणार? मी काढा प्यालो. त्या पाल्याची चव काय सांगू, कप धुतल्यावरही कपाला कडू लागत असेल. पण त्यानंतर मी कधीही खोकलो की काढा यायचा. मी सवयीने खोकत होतो आणि दरवेळी त्याची शिक्षा पीत होतो. प्रॉसी मजेत होती.

मग पट्टी निघायच्या आदल्या दिवसाची सकाळ उजाडली. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची. प्रॉसी मिरेम्बेला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. मी पत्र्याच्या आडोशात, सवयीने मधूनमधून खोकत, आंघोळ उरकली, टॉवेल गुंडाळला आणि तिथेच दात घासायला लागलो. फोन पत्र्याच्या कडेवर ठेवला होता. तो वाजला. कान ओला म्हणून मी स्पीकर चालू केला.

"डुंबा!" मॅडम मुहिंदो. "काय करून ठेवलंस तू?"

"म्म?" मी म्हणालो. तोंडात ब्रश होता.

"म्म काय? मित्यानाच्या त्या शाळेचा फोन आलाय! त्यांच्याकडे जुनं एन्सुवा आहे. तुझ्या पुस्तिकेत बघून त्यांनी रिस्टोर टाईप केलं!"

"म्म."

"अरे, जुन्या एन्सुवात एक पाऊल मागे जायचं असेल तर बॅक! रिस्टोर म्हणजे अख्खी फाईल पहिल्या दिवसासारखी कोरी! मुलांच्या निकालाची फाईल होती ती! हेडमास्तर रडतायत माझ्या कानात!"

जुनी पानं. सगळीकडे म्हणजे सगळीकडे. जुन्या सॉफ्टवेअरला रिस्टोरचा नवा अर्थ ठाऊकच नव्हता. त्याच्याकडे तोच शब्द होता, पण वेगळ्याच कामाला. मी फोन उचलला. एका हातात फोन, तोंडात ब्रश आणि फेस, आता कॉम्प्युटरपाशी धावत जायचं. बाहेर पडण्याआधी वर्दी द्यायची हे माझ्या डोक्यात होतं, अगदी पक्कं होतं. पण तोंडात ब्रश असलेल्या माणसाला "येतंय" म्हणता येत नाही. म्हणून मी जे आयुष्यभर करत आलो ते केलं. खोकलो. चांगला जोरात, दोनदा.

आणि आडोशाच्या तोंडाशी आलो.

समोर सासूबाई. वाकून उभ्या. एका हातात काढ्याचा कप, दुसऱ्यात त्यावर झाकायचं केळीचं पान, कप आडोशाबाहेरच्या दगडावर ठेवण्याच्या बेतात. आंघोळीतला माझा खोकला त्यांनी ऐकला होता, प्रॉसी घरात नाही हे त्यांना ठाऊक होतं, जावई आंघोळ करतोय आणि आजारी आहे, कप दगडावर ठेवून निघून जावं, एवढाच त्यांचा विचार. 'येतंय'ही त्या म्हणाल्या असणार, फोनच्या ओरड्यात मला ते ऐकू आलं नसेल. नियमाप्रमाणे त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. ज्याने नियम केला तो तोंडाला फेस आणून टॉवेलवर उभा होता.

मी मागे सरलो. पत्र्याच्या कडेला एक खिळा आहे. तो टॉवेलमध्ये अडकला, मी ओढला, आणि टॉवेल डावीकडून, कमरेपासून खाली, फाटला. मी तो मोकळ्या हाताने धरला. कप पडला, काढा माझ्या पायावर. (कडू आणि गरम.) सासूबाईंनी हातातलं केळीचं पान तोंडासमोर धरलं आणि पाठ फिरवली.

"डुंबा!" फोन ओरडला. "गप्प का झालास? लाज वाटते का आता?"

"मिरेम्बे," सासूबाई पाठमोऱ्या म्हणाल्या. मिरेम्बे तर दुकानात होती. "मिरेम्बे, तुझ्या बाबांच्या हातात ती कोण बाई ओरडतेय?"

"आणि जुन्या नावावर जगणाऱ्या लोकांचं काय?" मॅडम चालूच. "तू एका रात्रीत त्यांची सवय काढून घेतलीस, त्यांना विचारलंस का? बाहेर ये आणि निस्तर हे!"

"मी बाहेरच आहे," मी फेसातून म्हणालो. दोघींपैकी कुणालाच ते कळलं नसावं. सासूबाई पान धरून आपल्या खोलीत गेल्या आणि कडी लागल्याचा आवाज आला.

मी घरात गेलो, कपडे केले आणि फाटका टॉवेल गादीखाली कोंबला. त्याच्याबद्दल कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. झालेल्या गोष्टीत तेवढी एक तरी माझ्यापाशी राहावी. मग कॉम्प्युटरपाशी बसून जुनी पानं जशी होती तशी केली. एन्सुवाची एक गोष्ट चांगली, ते काहीही खरोखर टाकून देत नाही. मॅडमच्या हाताखालच्या पोरांनी शाळेची फाईल मडक्याच्या तळातून शोधून काढली, निकाल सापडला, हेडमास्तर रडायचे थांबले. मॅडमनी निर्णय दिला: नवं नाव राहील, पण जुनी नावंही चालत राहतील, आणि जुना शब्द टाकला तर तो जुनंच काम करेल. कुणाचाही शब्द परस्पर बंद करायचा नाही.

फाईल परत आली. माझं तसं होणार नव्हतं. प्रॉसी परत आली तेव्हा तिला अंगणात कप पडलेला दिसला आणि पलीकडच्या खोलीच्या दारात सासूबाईंची बांधलेली टोपली.

"काय केलंत तुम्ही?" तिने मला विचारलं. आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं.

"खोकलो," मी म्हणालो.

तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मग ती रडायला लागली. "उद्या पट्टी निघणार होती हो. एक दिवस. एक दिवस तुम्हाला धीर धरवला नाही."

मी खिडकीपाशी गेलो, अंगणाकडे तोंड केलं आणि जेवढं मोठ्याने बोलता येईल तेवढ्याने बोललो, "मिरेम्बे, जज्जाला सांग, घर त्यांचं आहे. मी जातो. ऑफिसात राहतो, रस्त्यावर राहतो, पण त्यांनी डोळा बरा होईपर्यंत हलू नये. चूक माझी आहे, डोळा त्यांचा का जावा?"

"येतंय!" मिरेम्बे म्हणाली.

पलीकडे टोपली दारातच राहिली. प्रॉसीने डोळे पुसले आणि आपल्या आत्याला फोन लावला. असल्या बाबतीत आत्याचा शब्द शेवटचा. टेओपिस्टा आत्या मासाक्याच्या, बाजारात कापडाचा गाळा आहे त्यांचा, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्या न्याय देतात. प्रॉसीने फोन अंगणात मधोमध, उलट्या बादलीवर ठेवला. सासूबाई दाराआड, मी खिडकीआड.

"हात लागला का?" आत्यांनी विचारलं.

"नाही," प्रॉसी म्हणाली.

"एका भांड्यातलं काही खाल्लं-प्यालं?"

"काढा होता. पण तो यांच्या पायावर सांडला."

"पायाने कुणी पीत नाही. पुढे. समोरासमोर बघितलं?"

प्रॉसीने पलीकडच्या दाराकडे पाहिलं. सगळं इथेच येऊन थांबलं होतं. मी बघितलं होतं, पण माझ्या बघण्याला कोण विचारतं. प्रश्न त्यांच्या बघण्याचा होता. त्यांनी बघितलं असेल तर त्यांना या अंगणात राहता येणार नव्हतं, कुणी कितीही समजावलं तरी. फोनमधून आत्यांच्या गाळ्यावरचा गलका ऐकू येत होता.

मग दाराआडून सासूबाई बोलल्या. सावकाश, एकेक शब्द मोजून मापून टाकल्यासारखा.

"मिरेम्बे, आत्याबाईंना सांग, माझ्या एका डोळ्याला पट्टी आहे. दुसऱ्याने मला दिसत नाही, हे साऱ्या घराला माहीत आहे. तिथे कुणीतरी खोकलं. कोण होतं, मला काय ठाऊक. वारा असेल."

"वारा खोकतो का?" आत्यांनी विचारलं.

"कंपालात धूळ फार," सासूबाई म्हणाल्या.

आत्या कुणाला तरी कापडाचा भाव सांगून म्हणाल्या, "बघितलं नाही तर झालं नाही. टोपली आत ठेवा." आणि फोन ठेवला.

प्रॉसी पुन्हा रडली, पण या वेळेला हसत हसत. मी खिडकीखाली बसकण मारली. तेवढ्यात पलीकडून आणखी आवाज आला.

"मिरेम्बे, तुझ्या बाबांना सांग, त्या फोनमधल्या बाईने आज त्यांना पुष्कळ ऐकवलंय. त्यावर मी आणखी काय बोलायचं. फक्त त्यांच्या परवानगीने आम्ही टाळीच वाजवतो. या वयात 'येतंय, येतंय' ओरडून घसा बसला. आणि त्यांनी खुशाल खोकावं."

मी लगेच, अगदी मनापासून, खोकलो. पलीकडे पावलं आत गेल्याचा आवाज आला. काढा आला नाही. सगळं जिथल्या तिथे परत आलं होतं, आणि कुठलीही कमांड टाईप न करता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, डोळा अगदी स्वच्छ. सासूबाई आणखी काही दिवस राहिल्या, थेंब घालून घेतले, टाळ्या वाजवल्या, आणि मग कालिसिझोच्या टॅक्सीत बसून गेल्या. मी नेहमीप्रमाणे घराच्या मागच्या बाजूला उभा राहून निरोप दिला, म्हणजे खोकलो.

प्रॉसी त्यांना बसवून परत आली तेव्हा तिच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं होतं.

"आईने तुमच्यासाठी ठेवलंय. टेओपिस्टा आत्याकडून कापड मागवलं होतं म्हणे." तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आणि निरोप आहे. डावीकडून फाटलेला आता फरशी पुसायला घ्या म्हणाली. काय फाटलंय हो डावीकडून? मला कसं ठाऊक नाही?"

मी पुडकं सोडलं. आत टॉवेल होता. हिरवा, जाडजूड, दोन वेढे घेऊनही उरेल एवढा रुंद. आणि त्याच्या कडेला ओळीने, बारीक टाक्यांनी, चार नाड्या शिवलेल्या.

"नाड्या आईने स्वतः शिवल्या," प्रॉसी अभिमानाने म्हणाली. "सुईत दोरासुद्धा तिनेच ओवला, पहिल्या फटक्यात! किती छान झालाय ना तिचा डोळा?"

मी टॉवेल कमरेला लावून पाहिला. नाड्या बरोबर डावीकडे आल्या.